सांधा कुणी आवळायचा

आमच्या गाडीचा ब्रेक आणि आमच्या घरातलं बोलणं एकाच सकाळी बंद पडलं. ब्रेक दुरुस्त व्हायला तीन वर्षं लागली. बोलण्याचं काय झालं, ते सांगायलाच बसले आहे.

घर दुमजली. खाली मी आणि आमचे हे. वर माझे दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. जिना एक, फाटक एक, पाण्याची टाकी एक. हे छापखान्यात यंत्रं सांभाळायचे, आता निवृत्त झालेत. भाऊजी, म्हणजे माझे दीर, फ्रिज आणि एसी दुरुस्त करतात. दोघांच्या हातांत कसब आणि दोघांच्या डोक्यांत दगड. मी शिवणकाम करते. पडदे, गणवेश, गाद्यांचे अभ्रे, येईल ते. घराच्या अंगाला पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये गाडी. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, ती तरुणपणी घेतलेली. गोल दिवे, रुंद कपाळ, दाराला जाडजूड चकचकीत मूठ. मामंजी तिला 'बाईसाहेब' म्हणत. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईला त्यांनी कधी साहेब म्हटलं नाही, ते असो.

त्या वर्षी ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं होतं. भाऊजी म्हणाले, "दादा, मास्टर सिलिंडर बदल." हे म्हणाले, "कशाला? आतली रबरं नवी टाकलीत. चालेल छान." मास्टर सिलिंडर म्हणजे ब्रेकचा पंप. पेडलवर पाय पडला की तो तेल ढकलतो, तेल नळ्यांमधून चारी चाकांपर्यंत जातं आणि चाकं धरली जातात. मला एवढंच कळतं आणि एवढं पुरतं.

मग एका सकाळी मामंजी गाडी घेऊन एकटेच बाहेर पडले. आमची गल्ली सरळ उताराची, आणि उतार संपतो तिथे समोर एका गोदामाची भिंत. पेडल दाबलं ते थेट तळाला गेलं. गाडी भिंतीवर जाऊन थांबली. वेग फार नव्हता, पण त्या वयात फार लागतही नाही. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर मामंजी वर्षभर होते, पण स्वतःच्या पायांवर पुन्हा उभे राहिले नाहीत. गेले ते छातीच्या दुखण्याने, पायाने नव्हे. पण अशी वजाबाकी कोण करतं?

दवाखान्याच्या बोळात, दहा माणसांसमोर, भाऊजी ह्यांना म्हणाले, "बाबांचा पाय तू मोडलास."

ह्यांनी उत्तर दिलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलायचे बंद झाले आणि माझं पोस्ट ऑफिस झालं.

"त्याला सांग, टाकीचा कॉक उघडा राहिलाय." हे मला सांगणार, आणि भाऊजी हाताच्या अंतरावर उभे. "वहिनी, दादाला सांगा, मी मघाशीच बंद केला." मध्ये मी. सुरुवातीला मी निरोप जसाच्या तसा द्यायचे. मग कंटाळून पदरचं घालायला लागले. हे म्हणाले, "त्याला सांग, फाटकात स्कूटर लावू नको," की मी म्हणायचे, "भाऊजी, हे विचारतायत, जेवलात का?" दोघांनाही मूळ निरोप ऐकू गेलेला असायचा, त्यामुळे उपयोग शून्य. जाऊबाई दवाखान्यात नर्स आहेत. त्या म्हणायच्या, "तुम्ही निरोप न्यायचं सोडा, आपोआप बोलतील." मी एकदा सोडून पाहिलं. टाकी रात्रभर वाहिली. कुणी बोललं नाही.

गाडी शेडमध्येच होती. चेपलेलं तोंड एका डेंटरने येऊन सरळ केलं, पण ब्रेकला कुणी हात लावला नाही. तिची किल्ली पूर्वीपासून वरच्या मजल्यावर खुंटीला असायची. ती तिथेच राहिली.

आणि मग भिंगरीने गाडी मागितली.

भिंगरी म्हणजे भाऊजींची मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून मामंजींनी ठेवलेलं नाव. आता तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती आणि जाताना तिला आजोबांची गाडी न्यायची होती. सगळे हो म्हणाले. फक्त भाऊजी पायरीवर उभे राहून मला म्हणाले, "वहिनी, गाडी नेऊ दे. पण दादाने ब्रेक केला असेल तर माझी पोरगी तीत बसणार नाही. सांगा त्याला."

सांगायची गरज नव्हती. हे दारातच होते. म्हणाले, "त्याला सांग, त्या ब्रेकला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही."

मी ह्यांच्यावर चिडले. मग रात्री विचार केल्यावर चिडता येईना. हा माणूस तीन वर्षं शेडकडे पाठ करून चहा पीत होता. आपल्या हाताने बिघडलेलं आपल्याच हाताने नीट करायचं, आणि भावाने ते पाहून पोटची पोर त्यात बसवायची, एवढं एकच ह्यांना हवं होतं. त्याहून कमी काही चाललं नसतं, आणि भाऊजी नेमकं तेच द्यायला तयार नव्हते.

तोडगा भिंगरीने काढला. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे ऐकू जाईल. "पंप आणि चाकं काका करतील. नळ्या बाबा करतील. नळ्या वाकवणं हा त्यांचा धंदाच आहे. नसेल जमत तर मी बसने जाते, आणि तुमच्या ह्या निरोपांच्या घरात परत येत नाही." वर शांतता, खाली शांतता. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

काम सुरू झालं. सकाळी हे शेडमध्ये, संध्याकाळी कामावरून आल्यावर भाऊजी. एक बाहेर पडल्याशिवाय दुसरा आत जायचा नाही.

ह्यांनी जुना पंप काढायला घेतला तर त्याच्या बोल्टांनी गंजून लाकडात रुतलेल्या खिळ्यासारखी जागा धरलेली. तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा तेल सोडलं. शेवटी निघाला. मग ह्यांनी तो उघडून स्पिरिटने धुतला आणि आत टॉर्च मारून पाहत बसले. मी चहा घेऊन गेले, तो निवला, तरी पाहतच होते.

"काय आहे आत?"

"काही नाही." पंप फडक्यात गुंडाळून त्यांनी फळीवर मागे सरकवला.

नवा पंप जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्याकडून आणला. गाडीत बसवण्यापूर्वी शिकंज्यात धरून त्यात तेल भरलं आणि सळईने हळूहळू दाबत आतली हवा काढली. बुडबुडे थांबेपर्यंत दाबत राहिले. मग जागेवर बसवला, पेडलची दांडी आणि पंप यांच्यात कागदाएवढी फट ठेवली. फट नसेल तर ब्रेक धरूनच राहतो, असं मला उगाच समजावलं. चारी चाकं उघडून आतली कामं केली. एरवी ह्यांना साधा डबा बंद करायला दोनदा सांगावं लागतं. इथे प्रत्येक बोल्ट तीन-तीनदा तपासत होते.

संध्याकाळी भाऊजी नळीचं वेटोळं घेऊन आले. मी म्हटलं, "विकत कशाला आणलीत? तुमच्याकडे तांब्याच्या नळ्यांचा ढीग आहे की."

"ती फ्रिजची, वहिनी. ब्रेकच्या दाबाने आणि हादऱ्याने ती थकते, मग चिरते. हिच्यात निकेल मिसळलेलं असतं." त्यांनी जुन्या गंजक्या नळ्या न मोडता अखंड काढल्या आणि नव्या नळीशेजारी जमिनीवर ठेवल्या. मी जुना कपडा ठेवून नवा बेततेच की, तसंच. वळण वळणाशी जुळवत वाकवत गेले. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू?

फ्रिजच्या नळीचं तोंड एकदा पसरलं की झालं. ब्रेकच्या नळीचं तोंड पसरून पुन्हा आत दुमडावं लागतं, म्हणजे दाबाला टिकतं. पहिलं तोंड त्यांनी इतकं सुबक केलं की स्वतःच खूश झाले. मग लक्षात आलं, नट नळीत घालायचाच राहिला. तोंड झाल्यावर नट जात नाही. तोंड कापलं, पुन्हा केलं. दुसऱ्या टोकाला पुन्हा नट विसरले. मग शेडमधून त्या नटाच्या साती पिढ्यांचा उद्धार ऐकू आला.

हे खिडकीत उभे होते. खांदे हलत होते. हसत होते की काय! "त्याला सांग," हे म्हणाले, "नट आधी घालतात."

"मी नाही सांगणार. मार खाईन."

सकाळी हे आत गेले की आधी टॉर्च घेऊन नळ्यांवरून बोट फिरवायचे. संध्याकाळी भाऊजी आत गेले की आधी पंपाचे बोल्ट चाचपायचे. दोघंही एकमेकांचं काम चोरून तपासत होते, आणि दोघांनाही त्यात खोट सापडत नव्हती, हेच दोघांना जड जात होतं. "वाकवल्यात बऱ्या," एकदा हे म्हणाले. मी विचारलं, "सांगू?" म्हणाले, "काही गरज नाही."

रविवार उजाडला. आता तेल भरायचं आणि नळ्यांतली हवा काढायची, एवढंच उरलं होतं. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा नट उघडायचा; तिथून हवा आणि तेल बाहेर येतं. मग नट आधी बंद, आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. उलटं झालं की गेलेली हवा पुन्हा आत.

भिंगरी सकाळीच आवरून निघाली. "काकू, मी मैत्रिणीकडे जातेय. आई ड्युटीवर आहे. पेडल दाबायला घरात कुणी नाही."

"मी आहे ना."

"तुझा गुडघा पण आहे," ती म्हणाली आणि डोळे मिचकावून गेली. ही पोरगी माझ्याच मांडीवर वाढलीय, पण असली अक्कल तिने माझ्याकडून घेतलेली नाही.

मी जाऊन बसले. ह्यांनी तेल ओतलं आणि दाबायला सांगितलं. मी दाबलं. पुढून ठिबक ठिबक आवाज आला.

"अगं थांब! थांब!"

पंपाला जिथे मुख्य नळी जोडलेली होती, तिथूनच तेल गळत होतं. ह्यांनी हात लावला तर नट नुसता बोटाने फिरवलेला, पाना लागलेलाच नाही. तेवढ्यात आवाज ऐकून भाऊजी खाली आले.

"त्याला सांग, नट नळीचा आहे. नळ्या त्याच्या होत्या."

"वहिनी, दादाला सांगा, नट पंपात जातो. पंप त्याचा होता."

म्हणजे दोघांनी उत्तम काम केलं होतं, एकमेकांचं तपासलंही होतं, आणि मधला सांधा दोघांनीही दुसऱ्याचा म्हणून सोडून दिला होता. भाऊजींनी नट बोटाने अडकवला आणि म्हटलं, आवळेल तो. ह्यांनी तो पाहिला आणि म्हटलं, आवळेल तो. तो तसाच राहिला असता आणि तेल थोडं कमी गळलं असतं, तर भिंगरी ह्याच सांध्याच्या भरवशावर वाटेतला घाट उतरली असती. माझा संताप बाहेर पडला.

"दोन्ही कापडं रेशमाची आणलीत आणि शिवण घालायची कुणी? मी? पाना कुणाच्या हातात आहे?"

पाना भाऊजींच्या हातात होता.

"मग आवळा की! बघता काय?"

भाऊजींनी नट आवळला. ह्यांनी टॉर्च धरला. मग ओल्या फडक्याने सांडलेलं तेल पुसलं, कारण ते तेल रंग खातं. टॉर्च बरोबर जागी धरलेला होता.

पहिलं चाक मी कसंबसं पार पाडलं. मग गुडघ्याने जाहीर नकार दिला. भाऊजी गाडीत बसले, मी दाराशी उभी राहिले, हे दुसऱ्या चाकामागे पाठीवर झोपले. हातात पाना, नटाला लावलेली पारदर्शक नळी आणि तिचं टोक तेल असलेल्या काचेच्या बरणीत.

"त्याला सांग, दाब."

"भाऊजी, दाबा."

"वहिनी, दाबलंय."

"अहो, दाबलंय म्हणतात."

"उघडतोय. त्याला सांग, धरून ठेव."

"भाऊजी, धरून..." तोवर पेडल तळाला पोचलेलं आणि भाऊजींनी पाय उचललेला. बरणीतलं तेल चटकन मागे ओढलं गेलं. "अगं, सोडलं कसं त्याने? बंद कुठे केलंय मी अजून?" मी वळून भाऊजींकडे पाहायचे, भाऊजी म्हणायचे, "मला कुणी सांगितलंच नाही." पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडे संपता संपेनात. ह्यांचा आवाज गाडीच्या ह्या बाजूला, भाऊजींचे कान त्या बाजूला, दोन हातांचं अंतर, आणि मधल्या पोस्टात हवा शिरत होती. तेलाचा डबा निम्मा संपला. पेडल ओल्या उशीसारखं मऊ ते मऊच.

दुपार झाली. हे म्हणाले, "त्याला सांग, नीट लक्ष दे." भाऊजी म्हणाले, "दादाला सांगा, पाना झपाझप चालव."

"मी कुणाला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तुमचं गळतंय ते माझ्या तोंडातून गळतंय. मी चालले."

आणि खरंच आत गेले. स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडते. ऐकायला उभी राहिले म्हणा, भांडी विसळायला उभी राहिले म्हणा.

कुणीतरी खाकरलं. बरणी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. वाटलं, आता एक जिना चढेल आणि दुसरा घरात येईल, आणि पोर बसने जाईल.

मग गाडीखालून आवाज आला. "दाब."

पाना नुसताच खणखणला.

"दाब म्हटलं ना."

"दाबलंय."

"धर. धर... धर... बंद. सोड."

"सोडलं."

"दाब."

माझ्या हातातलं ताट तसंच ठिबकत राहिलं. तीन वर्षांनी भाऊ भावाशी काय बोलला, तर दाब आणि सोड. पण मला रडू आलं, ते आलंच.

मग काम भराभर सरकलं. दुसरं चाक झालं, तिसरं झालं. शेवटचं पुढचं चाक, पंपाच्या जवळचं. "दाब. धर." आणि त्यानंतर 'बंद' आलंच नाही.

"दादा, पेडल तळाला गेलंय. बंद कर."

"पाय उचलू नको. नट उघडा आहे. हवा जाईल."

"म्हणून तर म्हणतोय, बंद कर."

"आधी ऐक." ह्यांचा आवाज चाकामागून येत होता. तोंड कुणालाच दिसत नव्हतं. "जुना पंप परवा धुतला. आत गंजाचे खड्डे आहेत. नखाला लागतात."

"मग?"

"तेव्हाही होते. रबरं टाकली तेव्हा मला दिसले होते. खड्ड्यांवर रबर टिकत नाही, हे कळत होतं मला. तू सांगितलंस म्हणून मुद्दाम बदलला नाही. धाकट्याचं ऐकायचं नव्हतं. तू दवाखान्यात म्हणालास ते खरं होतं. उत्तर नव्हतं माझ्याकडे, म्हणून दिलं नाही."

भाऊजी उठून जाऊ शकत नव्हते. पाय उचलला असता तर सबंध दिवसाचं काम वाया. हे ह्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं, चौथ्या चाकापर्यंत हे त्यासाठीच थांबले होते. साधा माणूस, पण यंत्रात कुणाला कसं अडकवायचं हे त्याला कळतं.

भाऊजी म्हणाले, "किल्ली मी दिली होती."

"काय?"

"त्या सकाळी बाबा वर आले होते. म्हणाले, चल, मला सोडून ये. मला झोप आवरत नव्हती. पेडल मऊ आहे हे मला माहीत होतं ना, मीच तर ओरडत होतो तुझ्यावर. तरी झोपूनच खुंटी दाखवली. म्हटलं, घ्या किल्ली. आणि कूस बदलली. तू एकटा नव्हतास, दादा. पण तुझ्यावर ढकललं की रात्री झोप लागायची."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" ह्यांनी विचारलं.

"तुला. आत्ता."

"आणि खिडकीत तुझ्या वहिनीला."

मी नळ मोठा सोडला.

"बंद केलं," हे म्हणाले. "सोड."

"सोडतो कसला, पाय आखडलाय माझा."

संध्याकाळी भिंगरी आली तेव्हा पेडल घट्ट झालं होतं, वरच्या वर धरत होतं. भाऊजी ते दाबून बसले आणि ह्यांनी प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहिला. एकावरही डाग नाही. गाडी अंगणात पुढे-मागे करून चार वेळा थांबवून झाली. आता राहिला उतार.

"पहिल्यांदा मी नेतो," हे म्हणाले. "आधी कुणी बसायचं नाही."

भाऊजींनी खिशातून किल्ली काढली. क्षणभर ती मुठीतच राहिली. मग त्यांनी ती ह्यांच्या हातावर ठेवली आणि फाटकाबाहेर चालायला लागले. मला वाटलं, पाहवत नसेल, म्हणून चालले. पण ते उतार उतरतच गेले, थेट तळापर्यंत. गोदामाच्या भिंतीवर एका जागी गिलाव्याचा रंग वेगळा आहे. त्या जागी, भिंतीला पाठ लावून, गाडीकडे तोंड करून उभे राहिले.

"बाबा!" भिंगरी ओरडली.

ह्यांनी वरून हॉर्न वाजवला. भाऊजी हलले नाहीत. पुन्हा वाजवला. भाऊजींनी लांबूनच हात हलवून 'ये' म्हटलं.

हे स्टिअरिंग धरून बसून राहिले. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "नका नेऊ. मी हाताला धरून आणते त्यांना."

"नाही येणार तो," हे म्हणाले, आणि ब्रेकवरचा पाय हलका केला.

गाडी उतरायला लागली. मी भिंगरीचा दंड धरला होता; नंतर तिने वळ दाखवले. अर्ध्या उतारावर ह्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली. सोडला, पुन्हा उतरली. भिंतीच्या अलीकडे पुन्हा दाबला आणि बाईसाहेब जागच्या जागी उभ्या राहिल्या. बंपर आणि भाऊजींच्या गुडघ्यांमध्ये माझं शिलाई मशीन आरामात मावलं असतं.

मी गुडघा विसरून धावत खाली पोचले, तोवर हे दार उघडून बाहेर आले होते. "गाढवा! अक्कल आहे की नाही? ब्रेक लागला नसता तर?"

"तर पाय माझा मोडला असता, दादा," भाऊजी म्हणाले. "पोरीचा नाही."

ह्यांनी भावाची कॉलर धरली, जरा हलवली, आणि मग कॉलर न सोडता तसेच उभे राहिले. भाऊजींनीही सोडवून घेतली नाही. मी मात्र दोघांनाही भर रस्त्यात ठेवणीतल्या शिव्या दिल्या, आणि त्या दोघांनी मान खाली घालून ऐकल्या.

मग ह्यांनी किल्ली भिंगरीच्या हातात दिली. "उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेव," हे म्हणाले.

"दुसऱ्यात कशाला?" भाऊजी म्हणाले. "इंजिन ओरडेल. तिसऱ्यात चालतं."

"तिसऱ्यात? ही जुनी गाडी आहे, तुझा फ्रिज नाही."

"आणि तुझा छापखाना पण नाही!"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघं हातवारे करत एकमेकांच्या तोंडावर ओरडत होते, आणि मध्ये मला कुणी घेत नव्हतं. इतकं छान भांडण मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.